बेडी नाही म्हणजे अटक नाही? साफ चूक

निपाणीपासून खानापूरपर्यंत आजही हमखास ऐकू येतं: अटक झाली की बेड्या पडणारच, आणि पडल्या नाहीत तर ती अटक नव्हेच. दोन्ही खोटं. माणूस बोलण्यातून वा कृतीतून पोलिसांच्या स्वाधीन झाला, की अटक पुरी होते.

सरसकट बेड्या घालणं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच, प्रेमशंकर शुक्ला खटल्यात, घटनाबाह्य ठरवलं. आपल्या चिकोडी तालुक्यातल्या अंकलीत तर चेक न वटल्याच्या प्रकरणात बेड्या घातल्या गेल्या. २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने २ लाखांची भरपाई द्यायला लावली. योग्यच झालं!

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ४३(३) लागू आहे. सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, खून, बलात्कार, दहशतवाद, अमली पदार्थ अशा प्रकरणांत बेडी घालता येते. 'घातलीच पाहिजे' असं कलम म्हणत नाही.

घातलीच, तर दात्यांच्या बेडीचं दुसरं कुलूपही, म्हणजे कडी आणखी आवळू न देणारी खीळ, लावायला हवं. ते राहिलं की हात हलेल तशी कडी एकेक दाता घट्ट होत जाते, मनगटातली संवेदना नेणारी नस दबते आणि अंगठ्यामागचा भाग बधिर पडतो.