‘पुढचं सांगू नकोस’ची पार्श्वभूमी

गेल्या आठवड्यात आमच्या आईचं आणि आत्याचं वाजलं. कारण काय तर सिरीयल. आई आमच्याकडे नाशिकच्या सिडकोत असते, तिला माझ्या मुलाने फोनवर ॲप टाकून दिलंय, पैसे भरले की त्यावर संध्याकाळचा एपिसोड टीव्हीच्या आधीच बघायला मिळतो, तर ही दुपारच्या चहासोबत तो उरकते. आत्या नाशिकरोडला, ती टीव्हीवर, वेळेवर, देवापुढे दिवा लावून झाल्यावर बघणारी. आईने चार वाजता फोन करून सांगून टाकलं की वन्सं, ती आज घर सोडून जाते हो. पलीकडे शांतता. मग आत्या म्हणाली, "वहिनी, तुम्ही मला स्पॉयलर दिलात." अडुसष्ट वर्षांची बाई! दोन दिवस फोन बंद.

मला हसू आलं खरं, पण नंतर विचार करत बसलो की या दोघींनी आयुष्यभर एकमेकींना सिरीयलीच तर सांगितल्यात, मग आत्ताच हे ‘सांगू नकोस’ कुठून आलं. तर त्याच्या मागची ही सगळी गोष्ट, मला जेवढी माहितीये तेवढी आणि आमच्या घरात जशी घडली तशी.

सुरुवात टीव्हीच्याही आधीपासून करावी लागेल, कारण आपण नाशिककर. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०, आणि १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी बिऱ्हाड आणि कंपनी नाशिकला आणली. १९१७ ला त्यांचा ‘लंकादहन’ आला, त्यात राम आणि सीता दोन्ही भूमिका साळुंकेंनी केलेल्या, आणि पडद्यावर राम आला की लोक चपला काढून ठेवायचे असं आजही सांगतात. गोष्ट आख्ख्या थिएटरला तोंडपाठ होती. पुढे काय होणार हे माहीत नसण्यात काही मजा असते ही कल्पनाच तिथे लागू नव्हती, लोक बघायला जायचे ते कसं होतं ते. हे लक्षात ठेवा, सत्तर वर्षांनी परत येणारे.

टीव्ही मात्र आपल्याकडे उशिरा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि सत्तरच्या दशकात तिकडे ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ लागायचं, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे, पण आमच्या घरी ते कुणी पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. मे महिन्यात दादरचे मामा आले की रात्री गच्चीवर गाद्या टाकून एकेक एपिसोड करून दाखवायचे, आवाज काढून, चिमणरावांसारखं चालून. आई सांगते की नंतर कधीतरी खरा चिमणराव टीव्हीवर पाहिला तेव्हा तिला तो मामांपेक्षा जरा कमीच वाटला.

मग १९८२, एशियाड, रंगीत टीव्ही. रंगीत टीव्हीचं ठरलं तेव्हाचे माहिती आणि नभोवाणी मंत्री वसंत साठे. नागपूर-वर्ध्याचे म्हणून सगळे ओळखतात पण जन्म नाशिकचा आणि शाळा आपली भोसला मिलिटरी, हे इथल्याच कित्येकांना माहीत नसतं. साठेंचं आणखी एक काम म्हणजे ते मेक्सिकोला जाऊन आले आणि तिथे लोकांना चार चांगल्या गोष्टी शिकवायला सिरीयल वापरतात हे बघून तसंच इथे करायचं ठरलं, त्यातून ७ जुलै १९८४ ला ‘हम लोग’ सुरू झालं. मनोहर श्याम जोशींचं लेखन आणि शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द बोलणार. मूळ हेतू कुटुंब नियोजन वगैरे होता, लोकांनी तो गुंडाळून ठेवला आणि त्यातल्या थोरल्या मुलीचं, बडकीचं लग्न होणार की नाही यात जीव अडकवला. अशोक कुमारांना पत्रं जायची ती ढिगाने. म्हंजे चाहता म्हणून आपलं मत कळवायचं तर तेव्हा पोस्टकार्ड, आणि त्याला उत्तर आलं नाही तरी कुणाला राग यायचा नाही.

त्याच १९८४ मध्ये देशात जवळपास दिवसाला एक या वेगाने नवीन ट्रान्समीटर बसत होते. लहान गावांच्या ट्रान्समीटरवर मुख्यतः दिल्लीचाच कार्यक्रम दिसायचा, मराठी आपलं तोंडी लावण्यापुरतं. आमच्या पिढीचं हिंदी सुधारलं ते शाळेमुळे नाही, यामुळे.

आता रामायण. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८, रविवारी सकाळी साडेनऊला, आधी ५२ भागांचं ठरलेलं ते वाढून ७८ झाले. आम्ही तेव्हा पंचवटीत, वाड्यात. वाड्यात टीव्ही एकच, मालकांकडे, लाकडी शटरचा, शटर सरकवलं की कर्रर्र आवाज यायचा आणि त्या आवाजाला आम्ही पोरं जिन्यावरून धावत सुटायचो. आत्याच्या सासरी तेव्हा टीव्ही नव्हता, ती नाशिकरोडहून सिटी बस पकडून नऊलाच हजर, ओले केस, हातात फुलं. मालकीणबाई टीव्हीला हार घालायच्या आणि उदबत्ती इतक्या जवळ लावायच्या की एकदा टीव्हीवरच्या क्रोशाच्या कव्हरला भोक पडलं. गच्चीवर माझा काका अँटेना धरून, खाली मालकांचा मुलगा दारात, मध्ये जिन्यात मी. "आलं का?" "आलं!" "आता?" "गेलं गेलं, मागे फिरव!" काकाने अर्धं रामायण असं ऐकूनच पाहिलं.

आणि हे सगळं पंचवटीत हां. काळाराम मंदिर पाच मिनिटांवर, सीता गुंफा त्याच्याही अलीकडे, तपोवनात लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून गावाचं नाव नाशिक असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. तो भाग लागला त्या रविवारी वाड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. काय होणार हे दोन वर्षांच्या पोरालाही माहीत, तरी नाक कापायच्या क्षणी सगळे चिडीचूप, नंतर एकदम श्वास सोडल्याचा आवाज, आणि आमची आजी मात्र नाराज. ती म्हणाली, "हे काही आपलं तपोवन वाटत नाही बाई." बरोबरच होतं तिचं, शूटिंग गुजरातेत उंबरगावला झालेलं. पुढे आठवडाभर नळावर, रविवार कारंज्यावर भाजी घेताना, सगळीकडे चर्चा तीच, की दीपिकाची सीता जास्त रडते का, अरुण गोविल सारखं हसतो का. कथेवर एकही शब्द नाही. कथा ठरलेली, वाद सगळा सादरीकरणावर, आणि माझ्या मते सिरीयलवर इतकी चांगली चर्चा नंतर फारशी झाली नाही.

निवड हा प्रश्न इथपर्यंत नव्हताच. एक चॅनल, एक वेळ, सगळं गाव एकाच जागी पोचलेलं. कुणी कुणाच्या पुढे नाही आणि मागेही नाही.

नव्वदनंतर केबल आली, झी टीव्ही २ ऑक्टोबर १९९२ ला. गच्च्यांवरून काळ्या वायरी लोंबायला लागल्या आणि निवड आली ती केबलवाल्याच्या हातात. आमचा केबलवाला दुपारी स्वतःच कॅसेट लावायचा, त्याच्या मूडवर, आणि पैसे वेळेवर दिले नाहीत तर नेमकी आमच्या मजल्याची वायर ‘उंदराने खाल्ली’ व्हायची. जास्त लिहीत नाही, राग अजून आहे.

खरा बदल मराठी चॅनलांनी केला. दूरदर्शनवरची ‘दामिनी’ हा आधीचा टप्पा, प्रतीक्षा लोणकरची पत्रकार, त्या वेळी आईच्या भिशीच्या बायका तिच्यावर फिदा. मग १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी, जे नंतर झी मराठी झालं, त्यावर ‘आभाळमाया’ आणि सुकन्या कुलकर्णीची सुधा जोशी, नंतर ‘वादळवाट’. २००० मध्ये ईटीव्ही मराठी, त्यावर पुढच्याच वर्षी ‘चार दिवस सासूचे’ आलं ते २०१३ पर्यंत, ३ हजारांहून जास्त भाग, नाव चार दिवसांचं आणि मुक्काम अकरा वर्षांचा! रोजची सिरीयल म्हटल्यावर बघायची पद्धतच बदलते. रविवारच्या सिरीयलला आठवडाभर चघळायला वेळ असतो, रोजच्याला उद्या दुपारपर्यंतच, कारण संध्याकाळी नवीन.

आणि यात मधे आलं लोडशेडिंग. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना सांगायला नको, पेपरात वेळापत्रक यायचं आणि आई ते कापून फ्रीजला लावायची, त्याच्याच शेजारी सिरीयलच्या वेळा. आमच्या भागाची लाइट एका वेळी आणि नाशिकरोडची दुसऱ्या वेळी जायची, ही त्या दोघींची सोय. साडेआठला इकडे अंधार झाला की नऊला लँडलाइन वाजायचा आणि आत्या आख्खा एपिसोड सांगायची, जाहिरात कुठे लागली त्याच्यासकट. आई अंधारात मेणबत्तीशेजारी रिसीव्हर मानेत धरून, एका हाताने वाटाणे सोलत, "हो का? मग? तो काय म्हणाला?" दुसऱ्या दिवशी दुपारी रिपीट लागायचं, ते ती परत बघायची आणि म्हणायची की वन्संनी जास्त छान सांगितलं होतं. थेट दादरच्या मामांची परंपरा. पुढचं कळणं ही तेव्हा मेहेरबानी होती, गुन्हा नव्हता.

हिंदीत त्याच सुमाराला ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ चाललं होतं, जुलै २००० पासून, त्यात नायक मिहीर मेला तर लोकांनी एवढा आरडाओरडा केला की त्याला परत आणावा लागला. पोस्टकार्डाच्या काळात अशोक कुमार फक्त ऐकून घ्यायचे, आता मात्र चॅनलला टीआरपीसाठी लोकांचं ऐकावं लागत होतं, आणि हे एकदा कळल्यावर मराठी प्रेक्षकही कथा स्वतःच्या मालकीची समजायला लागला. २०१३ ला ‘होणार सून मी ह्या घरची’ आली, सहा सासवा आणि श्री-जान्हवी, तोवर व्हॉट्सॲप घरोघर पोचलेलं. जान्हवीचं बाळंतपण लांबत गेलं तसे जोक वाढत गेले, आणि ‘काहीही हं श्री’ हे वाक्य तर सिरीयल न बघणारेही बोलायचे. आमच्या ऑफिसात सातपूरला एक साहेब होते, घरी टीव्ही नाही म्हणून मिरवायचे, त्यांनीही एकदा मिटिंगमध्ये कोटेशन बघून "काहीही हं" म्हटलं आणि पकडले गेले. माझं प्रामाणिक मत, त्या वर्षात सिरीयलपेक्षा सिरीयलवरचे जोक जास्त चांगले लिहिलेले होते.

त्यातच अभिमानाचा भाग म्हणजे पडद्यावर आपली माणसं दिसायला लागली, मृणाल दुसानीस, चिन्मय उदगीरकर, सायली संजीव, सगळी नाशिकची. मग काय, कॉलेजरोडला प्रत्येकाकडे ‘माझ्या बहिणीच्या वर्गात होती’ छापाची एक तरी गोष्ट.

सेट टॉप बॉक्स आला तो केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३ ची मुदत होती आणि त्या ३८ शहरांत नाशिक होतं. पण निवड खरी घरात उतरली ती फेब्रुवारी २०१९ ला, ट्रायचे, म्हणजे केबल-फोनचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवे दर लागू झाले तेव्हा. १३० रुपये अधिक कर भरून १०० चॅनल, आणि वरचे पैशाचे चॅनल एकेक करून निवडायचे. आमच्याकडे रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून बैठक बसली, वही, पेन, आणि छापील यादी. आईने पहिली टिक मराठी चॅनलांवर केली आणि पेन खाली ठेवलं, झालं माझं. बाबांना क्रिकेट. मुलाला कार्टून, बायकोला एकच हिंदी चॅनल. मग बेरीज. मग खाडाखोड. बाबा १९ रुपयांच्या एका चॅनलवर बोट ठेवून म्हणाले, महिन्याला १९ रुपये, यात काय येतं सांग? आई म्हणाली, तुमच्या क्रिकेटचा पाऊस पडून अर्धा दिवस वाया जातो त्याचे किती? चॅनल राहिलं.

तोपर्यंत खालून दुसरंच पाणी आलेलं. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा इतका स्वस्त झाला की दूधवालाही गंगापूर रोडला सिग्नलवर एपिसोड बघताना दिसायचा, त्याच वर्षी नेटफ्लिक्स आणि ॲमेझॉन प्राइम इथे सुरू झाले, २०१८ च्या जुलैत ‘सेक्रेड गेम्स’. इथून एक नवीन जात तयार झाली, ‘आम्ही सिरीयल नाही बघत, सिरीज बघतो’. एक अक्षर बदललं की माणूस हुशार होतो म्हणे. पण या सिरीजवाल्यांनी एक गोष्ट मात्र आणली, आठ-दहा भाग एकदम येणार, कुणी रात्रीत संपवणार, कुणी महिन्याने. म्हणजे पहिल्यांदाच आपण सगळे एकाच गोष्टीत वेगवेगळ्या पानावर. मिसळ खाताना कुणी तोंड उघडलं की दुसरा कानावर हात ठेवणार, "थांब, मी चौथ्यावर आहे!" ‘स्पॉयलर’ हा शब्द आमच्या घरात शिरला तो असा, मुलाच्या तोंडून.

मधे २०२० चं लॉकडाऊन. शूटिंग बंद, मराठी चॅनलांवर सगळं जुनं, आणि २८ मार्चपासून दूरदर्शनवर परत रामायण. आत्या तिकडे, आम्ही इकडे, फोन स्पीकरवर टाकून एकत्र बघितलं. शूर्पणखेच्या भागाला आत्या म्हणाली, "आई असती तर म्हणाली असती, हे आपलं तपोवन नव्हे." मुलाने विचारलं, आता पुढे काय होतं? तर दोघी एकदम बोलायला लागल्या आणि कुणाचंच काही ऐकू आलं नाही.

भांडण मिटलंय, काल. आता ठरलं असंय की आईने दुपारी बघायचं ते बघावं पण फोन रात्री साडेआठनंतर, आणि आत्या सांगणार. तशी ती काल बोलत होती, ती बॅग भरते वहिनी, मग दार उघडते, आणि आई मानेत मोबाइल धरून मेथी निवडत होती. "हो का? मग?"