बडगामचं हेलिकॉप्टर अन् ‘फ्रेंडली फायर’ या शब्दाचा घोळ : पार्श्वभूमी

माझ्याकडं दोन कात्रणं आहेत, सातबाऱ्याच्या फाइलमध्येच ठेवलेली. एक २८ फेब्रुवारी २०१९ चं, त्यात काश्मिरातल्या बडगामला हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर ‘कोसळलं’ असं आहे. दुसरं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातलं, त्यात तेच हेलिकॉप्टर ‘आपल्याच क्षेपणास्त्रानं पाडलं’. हवाई दलप्रमुखांनी ४ ऑक्टोबरला सगळ्यांसमोर चूक कबूल केली, तोवर सात महिने गेले होते अन् मधात लोकसभेची निवडणूकही होऊन गेली होती.

आमचं गाव पुलगावच्या फौजेच्या दारूगोळा डेपोपासून लांब नाही, फौजेचा विषय इथं पानठेल्यावर रोजचा. पण हा प्रकार, म्हणजे आपल्याच माऱ्यात आपलाच माणूस मरणं, ज्याला इंग्रजीत ‘फ्रेंडली फायर’ म्हणतात, तो सांगायचा म्हटलं की मराठीत शब्दच सापडत नाही. पेपरवाले कधी ‘मैत्रीपूर्ण गोळीबार’ लिहितात, ज्याच्या घरचा गेला त्यानं हे वाचायचं तरी कसं? फौजेत ‘ब्लू ऑन ब्लू’ म्हणतात, म्हणजे नकाशावर निळा रंग आपला अन् निळ्यानंच निळ्याला मारलं. ‘फ्रॅट्रिसाइड’ही म्हणतात, त्याचा सरळ अर्थ भाऊहत्या. त्यात जुन्या नोंदींमध्ये यातलं काहीच नसते, नुसतं ‘लढाईत मृत्यू’ लिहिलेलं असते, म्हणून शोधणाऱ्याला दोन्ही बाजूंच्या वेळा जुळवत बसावं लागते. आपण पाडलं म्हणतो त्या मिनिटाला समोरच्याचं विमान तिथं होतं का? नसलं तर मंग पडलं ते कोणाचं?

दुसरा घोळ आयएफएफचा, म्हणजे आपलं विमान ओळखायच्या यंत्राचा. नाव ‘मित्र की शत्रू ओळखा’ असं आहे पण ते यंत्र शत्रू ओळखतच नाही. तुरीत रानडुकरं घुसतात म्हणून आम्ही रात्री जागलीवर जातो, धुऱ्यावरून येणारा दोनदा बॅटरी मारते, मचाणीवरचा समजते की आपलाच आहे. बॅटरी नाही मारली तर तो चोर ठरत नाही, सेल उतरला असेल, विसरला असेल, बाहेरगावचा असेल. रडारचंही तसंच, इकडून सवाल जाते अन् विमानातून ठरलेल्या कोडचा जबाब येते. जबाब नाही आला तर ‘अनोळखी’ एवढंच कळते. अनोळखीचा शत्रू माणूस करते, यंत्र नाही.

हे जुनंच दुखणं आहे. ६ सप्टेंबर १९३९ ला, दुसरं महायुद्ध लागून तीन दिवस होत नाहीत तर ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी आपलीच दोन हरिकेन विमानं पाडली. जुलै १९४३ मध्ये सिसिलीवर छत्रीधारी सैनिक घेऊन चाललेल्या १४४ अमेरिकन विमानांपैकी २३ स्वतःच्याच तोफांनी पाडली, म्हणून पुढच्या वर्षी नॉर्मंडीच्या हल्ल्याला आपली विमानं ओळखू यावीत यासाठी त्यांच्यावर काळेपांढरे पट्टे ओढले. आपल्याकडं १९६५ च्या युद्धात जम्मूकडच्या छांबमध्ये आपल्याच विमानांनी आपले रणगाडे अन् दारूगोळ्याच्या गाड्या मारल्या. १० डिसेंबर १९७१ ला खुलन्याजवळ आपल्या नॅट विमानांनी मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे आपल्याच बाजूनं लढणाऱ्या बांगलादेशी फौजेच्या, पद्मा अन् पलाश या बोटींवर हल्ला केला, पलाशच्या इंजिनरूममधल्या ज्या माणसाचा जीव गेला त्याला पुढं बांगलादेशचा सर्वात मोठा शौर्यसन्मान मिळाला.

१९९४ चं उत्तर इराकचं प्रकरण मला बडगामच्या सगळ्यात जवळचं वाटते. दोन अमेरिकन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर, २६ माणसं, पाडणारी त्यांचीच एफ-१५ लढाऊ विमानं. हेलिकॉप्टरचं यंत्र चालू होतं पण कोड त्या हद्दीच्या बाहेरचा लावलेला, एफ-१५ च्या पायलटांनी जवळ जाऊन डोळ्यांनी पाहिलं तरी शत्रूचं रशियन बनावटीचं हेलिकॉप्टर समजले. वरून टेहळणी विमान सगळं बघत होतं. कोर्ट मार्शल शेवटी चाललं ते त्या विमानातल्या एकाच अधिकाऱ्यावर, अन् तो सुटला.

बडगामच्या त्या सकाळी, २७ फेब्रुवारीला, नौशेराकडं पाकिस्तानी विमानांशी हवाई चकमक सुरू होती, श्रीनगरच्या तळावर सगळेच ताणात. हेलिकॉप्टर दहाच्या सुमारास उडालं अन् थोड्या मिनिटांत जमिनीवरून सोडलेल्या आपल्याच स्पायडर क्षेपणास्त्रानं पाडलं. आयएफएफ बंद होतं असं चौकशीच्या बातम्यांत आलं. वाद आहे तो इथंच, बंद काहून होतं अन् बंद यंत्राचं हेलिकॉप्टर आकाशात आहे हे मारा करणाऱ्याला काहून माहीत नव्हतं? तळावर कोण उडून राहिलं हे तळालाच माहीत पाहिजे, माझ्या मते चूक यंत्राच्या बटनापेक्षा त्या निरोपात जास्त आहे. २०२३ मध्ये जनरल कोर्ट मार्शलनं हवाई दलाच्या एका ग्रुप कॅप्टन हुद्द्याच्या अधिकाऱ्याला बडतर्फीची शिक्षा सुनावली, अशी शिक्षा वरून मंजूर व्हावी लागते. पण एका माणसाच्या नावावर सगळी सकाळ मांडणं मला पटत नाही.

हवाई दलाचे सहा जण गेले, त्यात एक पायलट नाशिकचा होता. बऱ्याच ठिकाणी आकडा सहावरच थांबते. सातवा बडगामकडच्याच गरेंद कलान गावचा राहणारा होता, हेलिकॉप्टर पडलं तिथं खाली तो होता.