अंटार्क्टिकातील लहान जहाजांच्या मोहीम-सफरी

अंटार्क्टिका द्वीपकल्पाकडे नोव्हेंबर ते मार्च या काळात होणारे पर्यटन. बहुतेक जहाजे अर्जेंटिनातील उश्वाया बंदरातून सुटतात. ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला सुमारे दोन दिवस लागतात. बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी ड्रेकच्या आधी लागणाऱ्या बीगल खाडीच्या शांत पाण्यातच घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

स्वीडिश-अमेरिकी पर्यटन-व्यावसायिक लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी 1966 मध्ये आपली पहिली अंटार्क्टिका सफर नेली. ‘लहान’ या शब्दाला मात्र आज नियमाचा अर्थ आहे. एका ठिकाणी एका वेळी 100 पेक्षा जास्त प्रवासी किनाऱ्यावर नसावेत, दर 20 जणांमागे एक मार्गदर्शक असावा आणि 500 हून अधिक प्रवाशांच्या जहाजाने कोणालाच उतरवू नये. जहाजावर 200 जण असले, तर निम्मे किनाऱ्यावर आणि निम्मे बोटीत अशा पाळ्या लागतात. म्हणून तिकीट काढताना केबिनपेक्षा प्रवासीसंख्या पाहावी.

धक्का कुठेच नसल्याने झोडियाक या रबरी बोटीतून, एका खेपेला दहाएक जण, असे उतरतात. आधी बूट जंतुनाशकात बुडवतात. वेल्क्रो, खिसे आणि कॅमेऱ्याच्या पिशवीतले बी-बियाणे वेचून काढतात. ही काळजी अनाठायी नाही: द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर परके गवत खरोखर रुजले होते. बोटीत चढता-उतरताना खलाशाशी हात मिळवायचा नसतो, एकमेकांचे मनगट धरायचे असते. ओले हातमोजे निसटतात. बोटीच्या कडेवर बसूनच सरकत टोकाशी यावे आणि उथळ पाण्यात पाय टाकावा. त्यासाठी गुडघ्यापर्यंतचे गमबूट लागतात. पेंग्विनपासून किमान 5 मीटर दूर राहावे आणि त्यांची वाट अडवू नये. बर्ड फ्लूमुळे अलीकडे जमिनीवर बसणे, गुडघे टेकणे किंवा पिशवी ठेवणेही बंद झाले आहे.

बेत फसतो तो बहुधा वाऱ्यामुळे. वारा फिरला की बर्फाचे तुकडे तासाभरात खाडीचे तोंड बुजवतात, म्हणून किनाऱ्यावर तंबू, अन्न असा आणीबाणीचा साठा आधी उतरवतात. छापील वेळापत्रक हा अंदाजच समजावा. बर्फासाठी मजबूत केलेले जहाजही अभेद्य नसते. लिंडब्लाड यांच्यासाठी 1969 मध्ये बांधलेले ‘एक्सप्लोरर’ 23 नोव्हेंबर 2007 रोजी किंग जॉर्ज बेटाजवळ बर्फावर आदळून बुडाले. त्यावरील सर्व 154 जण वाचले.

भारताच्या ध्रुवीय मोहिमा गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय संस्थेतून चालतात. त्यांची ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही केंद्रे पूर्व अंटार्क्टिकात, द्वीपकल्पापासून हजारो किलोमीटरवर आहेत. या सफरींत ती दिसत नाहीत.