लांब पल्ल्याचा सायकल मार्ग

लांब पल्ल्याचा सायकल मार्ग म्हणजे गावं, शहरं, शेतं, जंगलं यांतून जाणारा, स्वतःचं नाव किंवा नंबर असलेला आणि सायकलवाल्याला दिवसेंदिवस धरून जाता येईल असा आखून दिलेला रस्ता. तो नवा बांधलेला असलाच पाहिजे असं नाही, बहुतेक वेळा नसतोच. बंद पडलेली रेल्वेलाइन, कालव्याकाठची वाट, नदीचा बांध, कमी वर्दळीचे आडरस्ते आणि शहरातले सायकल ट्रॅक असे तुकडे जोडून तो होतो, आणि त्या तुकड्यांचा मार्ग बनतो तो सलग लावलेल्या पाट्यांमुळे किंवा निदान नीट नकाशामुळे. किती किलोमीटर झाले की लांब पल्ला म्हणायचं यावर एकमत नाही. युरोवेलो या युरोपभरच्या जाळ्यात मार्ग किमान १००० किमीचा आणि किमान दोन देशांतून जाणारा लागतो, उलट इंग्लंडमधला सी-टू-सी हा जेमतेम २२५ किमीचा मार्ग सगळेच लांब पल्ल्याचा धरतात. एका दिवसात संपत नाही, वाटेत मुक्काम करावाच लागतो तो लांब पल्ल्याचा, ही व्याख्या त्यातल्या त्यात कामाची.

पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिससारखे साधारण १२०० किमीचे ब्रेव्हे, म्हणजे वेळेची मर्यादा असलेल्या लांब सायकल फेऱ्या, याच्यात मोजू नयेत. तिथे रस्ता हे निमित्त असतं, ठरलेल्या वेळेत कंट्रोल, म्हणजे वाटेतले तपासणीचे थांबे, गाठत पूर्ण करणं हा मुद्दा असतो.

असा पहिला मार्ग कोणता यावर बरीच मतं आहेत. काही लेखक थेट १८१७ पासून सुरुवात करतात, कारण त्या वर्षी जूनमध्ये कार्ल फॉन ड्राइस याने मानहाइमहून आपल्या पॅडल नसलेल्या दुचाकीवर काही किलोमीटरची फेरी मारली होती, पण ती एक सफर होती, मार्ग नव्हे, त्यामुळे हे जरा ताणल्यासारखं होतं. थॉमस स्टीव्हन्सचा दावा त्यापेक्षा वजनदार आहे. त्याने १८८४ मध्ये मोठ्या पुढच्या चाकाच्या सायकलवर सॅन फ्रान्सिस्कोहून बॉस्टन गाठलं, एप्रिलमध्ये निघाला आणि ऑगस्टमध्ये पोचला, आणि सायकलजोगे रस्ते नसल्यामुळे बैलगाड्यांच्या वाटा, रेल्वेचे रूळ आणि कालव्याकाठच्या वाटा धरत गेला, बराच भाग तर सायकल ढकलत चालत. पुढे १८८६ पर्यंत त्याने पृथ्वीप्रदक्षिणाही पुरी केली. त्याने कुणासाठी मार्ग आखला नाही हे खरं, पण त्याने नाइलाजाने वापरलेली कालवाकाठची वाट आणि रेल्वेची आखणी याच दोन गोष्टी नंतर आखलेल्या मार्गांचा कणा झाल्या. न्यूयॉर्क राज्यात ईरी कालव्याच्या काठाने आज सायकल मार्ग आहे, तो याचं चांगलं उदाहरण.

दुसरा पक्ष श्रेय क्लबांना देतो. १८८५ च्या सुमारास स्टार्लीची रोव्हर ही दोन सारख्या चाकांची सायकल आली, १८८८ मध्ये डनलॉपचं हवेचं टायर आलं आणि सामान्य माणूस दिवसभर सायकल चालवू शकायला लागला. पण संघटना त्याच्याही आधीच्या आहेत. ब्रिटनचा बायसिकल टुरिंग क्लब १८७८ चा, हॉलंडची एएनडब्ल्यूबी ही सायकलवाल्यांची संघटना १८८३ ची. ब्रिटिश क्लबांनी धोक्याच्या उतारांवर इशाऱ्याच्या लोखंडी पाट्या लावल्या, डच संघटनेने १८९४ पासून दिशादर्शक खांब आणि १९१९ पासून मशरूमच्या आकाराचे बुटके खुणेचे खांब बसवले, जे सायकलवरून मान खाली करून वाचता येतात आणि अजूनही दिसतात. तरीही ही सगळी फाट्यावरची मदत होती. अमुक एका नंबरचा मार्ग टोकापासून टोकापर्यंत धरा, असं त्यात नव्हतं.

तसं मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा झालं ते बहुधा १९७६ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला. बायकसेंटेनियल नावाच्या उपक्रमात ओरेगनच्या किनाऱ्यापासून व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनपर्यंत सुमारे ६८०० किमीचा ट्रान्सअमेरिका मार्ग आखला गेला आणि त्या उन्हाळ्यात हजारो लोकांनी तो पूर्ण किंवा काही भाग पार केला. भर छापील नकाशांवर होता, पाट्यांवर नाही, म्हणून पाट्या हीच कसोटी मानणारे त्याला पहिला म्हणत नाहीत. ते डेन्मार्ककडे बोट दाखवतात, जिथे १९९३ मध्ये नंबर आणि पाट्यांसकट राष्ट्रीय जाळं सुरू झालं. पासाउ ते व्हिएन्ना हा डॅन्यूब नदीकाठचा सुमारे ३२० किमीचा मार्ग १९८० च्या दशकात लोकप्रिय झाला आणि त्याचे कैवारीही कमी नाहीत. एकंदरीत नकाशा धरला तर १९७६ आणि देशभराचं जाळं धरलं तर १९९३, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

बंद रेल्वेलाइनचा वापर हा वेगळा धागा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला एल्रॉय–स्पार्टा मार्ग १९६० च्या दशकातला, सुमारे ५१ किमीचा, तीन बोगद्यांसकट, आणि त्या बोगद्यांत सायकल हातात धरून चालावं लागतं. ब्रिटनमध्ये १९७७ साली ब्रिस्टलमध्ये सुरू झालेल्या गटाने, जो पुढे सस्ट्रान्स ही सायकल मार्ग उभारणारी संस्था झाला, ब्रिस्टल ते बाथ रेल्वेलाइनपासून सुरुवात केली. रेल्वेचा फायदा उघड आहे, गाडीला चढ झेपत नाही म्हणून चढ बहुतेक ठिकाणी २ टक्क्यांच्या आत असतो आणि सामान लादलेली सायकलसुद्धा दमछाक न होता जाते. तोटा असा की रेल्वे गावाच्या कडेने जायची, त्यामुळे चहापाण्यासाठी मार्ग सोडून आत वळावं लागतं, आणि पाडलेल्या पुलांच्या जागी अचानक खाली उतरून परत चढावं लागतं. काही ठिकाणी मोटारसायकली अडवायला बसवलेले आडवे लोखंडी अडसर पॅनियर (चाकाच्या दोन्ही बाजूंच्या सामानाच्या पिशव्या) लावलेल्या सायकलला आणि टँडमलाही (दोघांनी चालवायची सायकल) अडवतात, हा तर नेहमीचाच तक्रारीचा विषय.

पाट्यांच्या पद्धती देशागणिक बदलतात. डेन्मार्क आणि ब्रिटनमध्ये राष्ट्रीय मार्गाचा पांढरा आकडा लाल चौकोनात असतो. ब्रिटिश पाटीवर आकडा ब्रॅकेटमध्ये असेल तर तुम्ही त्या मार्गावर नाही, त्या मार्गाकडे जाताय, आणि हे माहीत नसेल तर माणूस भलत्याच दिशेला बिनधास्त जात राहतो. युरोवेलोची पाटी निळी, पिवळ्या ताऱ्यांच्या रिंगणात आकडा. त्यात विषम नंबर ढोबळमानाने उत्तर–दक्षिण आणि सम नंबर पूर्व–पश्चिम, म्हणजे ६ नंबर अटलांटिकपासून ल्वार आणि डॅन्यूब या नद्यांच्या काठाने काळ्या समुद्रापर्यंत, आणि १३ नंबर जुन्या पोलादी पडद्याच्या, म्हणजे शीतयुद्धातल्या पूर्व आणि पश्चिम युरोपमधल्या सीमेच्या, रेषेने जवळपास १०,००० किमी. जपानमधल्या शिमानामी काइदोवर, ओनोमिची ते इमाबारी सुमारे ७० किमी, पाटी शोधायचीच गरज नाही, रस्त्यावरच निळी रेघ आखलीय.

सगळ्यात वेगळी पद्धत बेल्जियमच्या लिम्बुर्ग प्रांतातून आली, साधारण १९९५ मध्ये. तिचं श्रेय खाणीत काम केलेले इंजिनियर ह्युगो बोलेन यांना दिलं जातं आणि जमिनीखालच्या बोगद्यांतल्या नंबरांवरून कल्पना सुचली असं सांगतात. त्या भागातल्या कोळशाच्या खाणी तेव्हा नुकत्याच बंद पडल्या होत्या, शेवटची १९९२ मध्ये, त्यामुळे गोष्ट पटण्यासारखी आहे. यात मार्गाला नाव नसतं, प्रत्येक फाट्याला नंबर असतो आणि पाटीवर पुढच्या शेजारी फाट्यांचे नंबर बाण करून दाखवतात. सायकलवाला घरून निघताना २३, ४१, ४२, ८७ अशी यादी चिठ्ठीवर लिहून हँडलला अडकवतो, बास. नंबर बहुतेक ठिकाणी दोन आकडीच ठेवलेले असल्यामुळे तेच नंबर दुसऱ्या भागात परत येतात, पण शेजारी सारखा नंबर नसला की गोंधळ होत नाही. हॉलंडने ही पद्धत उचलली आणि लांब पल्ल्याचे मार्गही बरेचसे तिच्यावरूनच नेले, म्हणजे एकच खांब दोन्ही कामं करतो. एका सरळ मार्गात फाटा चुकला की मागे यावं लागतं, इथे मात्र चुकलात तर पुढच्या नंबरवरून नवी यादी करता येते. हाच या पद्धतीचा खरा गुण, आणि स्वस्तपणाही त्यातच आहे.

प्रत्यक्ष मार्ग धरून जाताना गावाकडच्या भागात फार अडचण येत नाही, फाटे कमी आणि पाट्या उघड्यावर. घोळ शहरात होतो. पाटी दिव्याच्या खांबावर उंच, झाडाच्या फांदीमागे, कधी बांधकामाच्या पत्र्यामागे, कधी कुणीतरी वळवून ठेवलेली, आणि मार्गही गाड्या टाळायला इतका वाकडातिकडा नेलेला की स्टेशन समोर दिसत असताना तुम्ही तीन गल्ल्या फिरून येता. फाट्यानंतर लगेच खात्री देणारी दुसरी पाटी हवी, असं आखणारे लोक सांगतात, पण ती बऱ्याचदा वगळली जाते. काही किलोमीटर पाटी दिसली नाही तर शेवटच्या दिसलेल्या पाटीपर्यंत परत यावं, हा जुना नियम जीपीएसच्या काळातही उपयोगी आहे. दिवसाचा टप्पा सामानासकट ५० ते ८० किमी धरतात. दिशा वाऱ्यावरून आणि उतारावरून ठरते, सी-टू-सी बहुतेक लोक पश्चिमेकडून पूर्वेकडे करतात कारण तिथला वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा असतो, आणि डॅन्यूब प्रवाहाच्या दिशेने. टायर ३२ ते ४० मिमीचं असलं की डांबर आणि दाबलेली खडी दोन्ही निभतात.

नकाशावर रेघ ओढली म्हणजे मार्ग झाला, असं बराच काळ मानलं जायचं. २०२० मध्ये सस्ट्रान्सने आपल्या राष्ट्रीय जाळ्याचा जवळपास पाव भाग यादीतून काढला किंवा त्याचा दर्जा बदलला, मुख्यतः वाहत्या रस्त्यांवरचे असुरक्षित तुकडे. त्यावर टीका झाली, पण ते प्रामाणिकपणाचं काम होतं असंच म्हणावं लागेल. जर्मनीत सायकल संघटना एडीएफसी मार्ग प्रत्यक्ष चालवून तपासते आणि एक ते पाच तारे देते, आणि ते ठरावीक मुदतीनंतर पुन्हा मिळवावे लागतात.

युरोप आणि अमेरिका हा देश सोडून बाहेर पाहिलं तर कॅनडातल्या क्युबेक प्रांताचा रूत व्हेर्त (काम १९९५ पासून, उद्घाटन २००७, आता ५००० किमीच्या वर), दक्षिण कोरियाचा इंचॉन–बुसान हा ६३३ किमीचा नदीकाठचा मार्ग, आणि तैवानची २०१५ मध्ये पूर्ण झालेली बेटाभोवतीची फेरी हे प्रमुख. कोरियात वाटेत लाल टेलिफोन बूथसारख्या खोक्यांत शिक्के ठेवलेले असतात, ते आपल्या पुस्तिकेत मारत जायचं आणि सगळे जमले की प्रमाणपत्र मिळतं.