खुरचाफा, बारा व्होल्ट आणि थोडा अंधार

ऊन वरून पडतं, बागेतला दिवा बहुतेक वेळा खालून मारतो. म्हणून दिवसा नजरेत न येणाऱ्या गोष्टी रात्री पुढे येतात: सालीच्या खाचा, फांद्यांचे फाटे, पानांची फिकट पाठ. बंगल्यापुढची जागा नव्याने करायची असेल, तर नर्सरीत फुलांवर भुलण्याआधी ते झाड पानं गळाल्यावर कसं दिसेल याचा विचार करावा.

या कसोटीवर खुरचाफ्याला तोड नाही. देवळापाशी हटकून दिसणारं हे झाड मूळचं मध्य अमेरिकेकडचं. फांदीच्या टोकाला फुलोरा आला की तिची वाढ थांबते आणि खालून नवे फाटे फुटतात. त्यामुळे दरवर्षी नक्षी वाढत जाते. हिवाळ्यात पानं गळाली की पांढऱ्या भिंतीपुढच्या चाफ्याला ५ वॉटचा एकच दिवा पुरतो, कारण निम्मं काम भिंतीवरची सावली करते. लागवड फांदीपासून होते. हातभर फांदी कापून, चीक सुकेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत ठेवायची आणि मगच लावायची. ओली लावली की बुडाशी कुजते. काळ्या मातीत पाणी साचतं, तिथे दोन फूट खड्ड्यात एक तृतीयांश मुरूम घालावा.

आंब्याचं गणित उलटं. घेर दाट असल्याने खोडाशी लावलेला दिवा खालच्याच पानांत अडकतो. बुंधा उजळतो आणि वर काळा गोळा राहतो. इथे दिवे घेराच्या बाहेर दोन-तीन ठिकाणी हवेत. झोत किती पसरेल हे कोनावर ठरतं: ४ मीटरवर २४ अंशांच्या दिव्याचं वर्तुळ सुमारे १.७ मीटर, ३६ अंशांच्या दिव्याचं २.६ मीटर. बहावा बहरतो तेव्हा २७०० केल्विनचा पिवळसर उजेड त्याच्या घोसांना खुलवतो. ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफेक दिव्यात तोच बहावा दवाखान्याच्या व्हरांड्यात ठेवल्यासारखा दिसतो.

वायरचे चर झाडं लावण्याआधी खणून घ्यावेत. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. जुन्या झाडाखालून आडवा चर गेला की ती तुटतात, आणि झाड वाळायला लागतं ते पुढच्या उन्हाळ्यात, चर विसरल्यावर. इलाज नसेल तर चर बाहेरून खोडाच्या दिशेने सरळ न्यावा. त्यात मुळं कमी तुटतात.

सगळ्यात जास्त फसगत होते ती वायरच्या जाडीत. समजा १२ व्होल्टवर ५ वॉटचे १२ दिवे आहेत, म्हणजे ६० वॉट, ५ अँपिअर. दिवे ३० मीटरवर असतील तर वीज जाऊन-येऊन ६० मीटर तांब्यातून फिरते. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत साधारण ३.४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. दिव्यांपर्यंत साडेआठच पोचतात, आणि मग दिवे मंद होतात किंवा लुकलुकतात. दुकानदार दिवा बदलून देतो, दोष तसाच राहतो. २.५ची वायर आणि २४ व्होल्टचे दिवे घेतले तर घट १ व्होल्टच्या आसपास येते. घरची वीज इतक्या कमी व्होल्टवर आणणारा ट्रान्सफॉर्मर भिंतीवर, पावसापासून आडोशाला; त्याच्या २३० व्होल्टच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, हवाच.

‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला दिवाही पहिल्या पावसाळ्यात आतून धुरकट का होतो? तापलेल्या दिव्यावर सर पडली की आतली हवा आकसते आणि जोडाच्या फटीतून, वायरीच्या तारांमधून पाणी आत ओढते. साधी चिकटपट्टी इथे निरुपयोगी, जेल भरलेले जोड वापरावेत. जमिनीत गाडायचा दिवा आयपी ६७ दर्जाचा, म्हणजे धूळ आणि थोडा वेळ पाण्यात बुडणं सोसणारा, घ्यावा आणि त्याखाली वीतभर खडी घालावी. शक्य तिथे खुंटीचाच दिवा बरा; झाड वाढलं की उपटून मागे सरकवता येतो. दिव्यांच्या माळा खोडाला आवळून गुंडाळू नयेत. खोड जाड होतं, तार होत नाही. सालीखालून मुळांकडे जाणारं अन्न तिथेच अडतं.

आता अंधाराबद्दल. शेवंती लांब रात्रीवर फुलते. रात्र मध्येच उजेडाने तुटली की तिच्या लेखी ती रात्रच नसते. फुलणं पुढे ढकलण्यासाठी उत्पादक शेवंतीवर मुद्दाम रात्री बल्ब लावतात. आपण नकळत तेच करतो आणि कळ्या का येत नाहीत म्हणून खत वाढवतो. शेवंतीचा वाफा झोताबाहेर ठेवावा.

किडे दिव्याभोवती का घिरट्या घालतात, हे कोडंही बरंचसं उलगडलं आहे. लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजमधील संशोधकांचा सहभाग असलेल्या गटाने वेगवान कॅमेऱ्यांनी त्यांचं उड्डाण टिपलं, आणि ते संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. उडता किडा पाठ उजेडाकडे ठेवतो, कारण निसर्गात उजळ बाजू म्हणजे आकाश. दिवा शेजारी आला की तो त्याच्याकडे पाठ करून गरगरत राहतो, आणि उजेड खालून आला की चक्क उलटा होऊन कोसळतो. नेमका आपला झाडावरचा दिवा खालूनच मारतो. चाफ्यावर येणारे हॉक मॉथ पतंग निशाचर असतात; फुलात मध नसतोच, ते वासाला फसून येतात. त्यामुळे सरसकट सगळी झाडं उजळू नयेत. तीन झाडं उजेडात, बाकीची काळोखात, आणि टायमर रात्री दहाला बंद. जागा ठरवण्याआधी दोन माणसांनी एक रात्र नुसती बॅटरी घेऊन फिरावं: एकाने झोत धरायचा, दुसऱ्याने ओट्यावर, नेहमी जिथे बसतो तिथे, बसून बघायचं.