दत्तकपत्र नाही, म्हणजे दत्तक नाही?

वंशावळ शोधताना एक समज हमखास कानी पडतो : नोंदणीकृत दत्तकपत्र नसेल तर दत्तक झालेच नाही. तसे नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ नुसार मूल प्रत्यक्ष देणे-घेणे आवश्यक. नोंदणी सक्तीची नाही. दस्त असला तर सिद्ध करणे सोपे जाते, इतकेच. मात्र मामाने नुसते वाढवलेले मूल कायद्याने दत्तक ठरत नाही, आणि अशी मुले आपल्या घरांत कितीतरी होती.

मग पाहायचे कुठे? फेरफार नोंदीत, म्हणजे जमिनीच्या हक्कातील बदलांच्या सरकारी नोंदीत, वारस म्हणून कोणाचे नाव लागले, शाळेच्या जनरल रजिस्टरात वडिलांचे नाव कोणते, हे ताडून पाहा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या कुळांची नोंद ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्याही जरूर उघडा. तिथली नाती पूर्वजांनी स्वतः सांगितलेली असतात.