खाला (ज्यू वेणीपाव)

खाला : ज्यू धर्मीयांच्या शब्बाथच्या (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ या साप्ताहिक विश्रांतिदिनाच्या) आणि सणांच्या जेवणात आशीर्वादाचे शब्द म्हणून मोडला जाणारा गव्हाचा पाव. पूर्व व मध्य युरोपातील आश्केनाझी ज्यूंमध्ये तो बहुधा अंडी, तेल व थोडी साखर घालून मळतात आणि पेडांची वेणी घालून भाजतात. हिब्रू शब्दातील पहिला वर्ण घशातून उच्चारला जातो व मराठीत त्याला ‘ख’ सर्वांत जवळचा आहे. इंग्रजी स्पेलिंगवरून केला जाणारा ‘चल्ला’ हा उच्चार टाळावा.

नाव व अर्थ : बायबलमध्ये हा शब्द दोन अर्थांनी येतो. लेवीय २४ : ५ मध्ये मंदिरात मांडायच्या बारा भाकरींना तो लावला आहे, तर गणना १५ : १७–२१ मध्ये मळलेल्या कणकेतून आधी काढून अर्पण करायच्या भागाला. धर्मशास्त्रात दुसरा अर्थ अधिक रुजला. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहातील ‘खाला’ हे प्रकरण पावाविषयी नसून या काढून ठेवलेल्या भागाविषयी आहे. घरी मळणाऱ्याने चोविसावा आणि विकण्यासाठी मळणाऱ्याने अठ्ठेचाळिसावा हिस्सा पुरोहितासाठी काढावा, असे ते सांगते. इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्यानंतर हा हिस्सा पुरोहिताला देऊन खाण्याची रीत मागे पडली. आज ऑलिव्हच्या फळाएवढा गोळा काढून जाळतात. आश्केनाझी पावाचे नाव या विधीवरून पडले, की बारा भाकरींच्या जुन्या अर्थावरून, याबद्दल एकमत नाही. घरच्या मळण्याशी विधीचा संबंध थेट असल्याने पहिले मत अधिक पटते.

किती पिठाला हा हिस्सा लागू होतो, याचा हिशेब बारकाईचा आहे. आधार आहे बायबलच्या निर्गम १६ मधील मान्नाचा, म्हणजे इस्राएली लोकांना देवाने पुरवलेल्या अन्नाचा. वाळवंटात माणशी दिवसाला एक ‘ओमेर’ मान्ना मिळे, म्हणून एक ओमेर पीठ ही मर्यादा ठरली. पुढील शास्त्रकारांनी ती ४३ पूर्णांक एक पंचमांश अंड्यांच्या आकारमानाइतकी मानली. ‘खाला’ या शब्दातील हिब्रू अक्षरांची बेरीजही ४३ होते, म्हणून ती लक्षात ठेवणे सोपे जाते. अंड्याचा आकार केवढा धरायचा यावर आजचे वजन अवलंबून असते. साधारण १.२ किलो पिठापासून हिस्सा काढतात, पण आशीर्वाद म्हणत नाहीत. सुमारे १.६७ किलोपासून आशीर्वादासह काढतात. काही कडक मतांनुसार आशीर्वादासाठी २.२५ किलो पीठ हवे. म्हणूनच अनेक घरांत अर्धा किलोचा एक पाव न करता एकदम मोठी कणीक तिंबतात आणि शेजारीपाजारी, लेकीसुनांकडे पाव पोचवतात. सोळाव्या शतकात पोलंडमधील शास्त्रकार मोशे इसर्लेस यांनी शब्बाथसाठी एवढी कणीक घरीच मळण्याच्या चालीची नोंद केली आणि ती सोडू नये असे बजावले. घरच्या खालाची परंपरा टिकली ती या आग्रहामुळे, असे म्हणण्यास जागा आहे.

वेणीचा उगम : वेणी बायबलमध्ये नाही, मिश्नावरील विवेचनाचा ग्रंथ असलेल्या तालमूदमध्येही नाही. शब्बाथच्या पावाला ‘खाला’ म्हटल्याचा एक जुना दाखला पंधराव्या शतकातील योसेफ बेन मोशे यांच्या ‘लेकेत योशेर’ या ग्रंथात आहे. आपले गुरू इस्राएल इसर्लाइन यांच्या ताटातील पाव अंडी, तेल व थोडे पाणी घालून मळलेले आणि पातळ होते, असे ते लिहितात. वेणीचा उल्लेख तेथे नाही. जर्मन भाषिक प्रदेशात ख्रिस्ती घरांतही रविवारचा वेणीपाव होत असे. तोच आकार ज्यूंनी उचलला असावा, हे मत आज बहुतेकांना मान्य आहे.

या पावाच्या दक्षिण जर्मनीतील ‘बर्खेस’ या नावावर मात्र वाद आहे. एक मत ते पेर्ख्ता या जर्मानिक देवतेशी जोडते. स्त्रिया तिला केसांची वेणी वाहत आणि पुढे तिच्या जागी पावाची वेणी आली, असे या मताचे म्हणणे. दुसरे मत हिब्रूतील ‘आशीर्वाद’ या अर्थाच्या ‘बिर्कत’ या शब्दाकडे, विशेषतः बायबलच्या नीतिसूत्रे १० : २२ मधील वचनाकडे बोट दाखवते. आश्केनाझी उच्चारात शेवटच्या ‘त’चा ‘स’ होतो, हे ध्यानात घेता दुसरे मत कमी ओढाताणीचे ठरते. जर्मन बर्खेसमध्ये बऱ्याचदा अंडी नसतात, उकडलेला बटाटा असतो आणि वर खसखस. लिथुएनिया व पोलंडमधील ‘कोयलिच’ हे नाव चाक या अर्थाच्या स्लाव्ह शब्दातून आले. दक्षिण आफ्रिकेत याच पावाला ‘किटके’ म्हणतात.

कृती : अर्धा किलो मैद्याला दोन अंडी, ६० मिली तेल, ६० ग्रॅम साखर, ७ ग्रॅम कोरडे यीस्ट, चमचाभर मीठ आणि सुमारे १५० मिली कोमट पाणी लागते. लोणी किंवा दूध वापरत नाहीत, कारण तालमूदने दुधात कणीक मळण्यास मनाई केली आहे. तसा पाव मांसाहारी जेवणात चालणार नाही. कणीक घट्टसर हवी. सैल झाली तर भाजताना पेड एकमेकांत मिसळून वेणी पुसली जाते. गोळा दुप्पट फुगला की त्याचे सहा सारखे पेड वळायचे, मध्ये जाड आणि टोकांना निमुळते. पेड आखडू लागला तर ओढू नये. दहा मिनिटे झाकून ठेवला की आपोआप सैल पडतो.

वरची टोके चिमटीत दाबून सर्वांत उजवा पेड एकदाच डाव्या कडेला टाकावा. मग डावीकडून दुसरा पेड उजव्या कडेला, डाव्या कडेचा मध्यात, उजवीकडून दुसरा डाव्या कडेला आणि उजव्या कडेचा मध्यात. हाच फेरा शेवटपर्यंत. दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यात हात चालू लागतो आणि वेणी मधोमध उंच चढत जाते. पुन्हा फुगू द्यावी, फेटलेले अंडे लावून तीळ किंवा खसखस पेरावी आणि १८० अंश सेल्सिअसला ३० ते ३५ मिनिटे भाजावी. दुसऱ्या वेळी पुरेशी फुगली नाही, तर पेडांच्या सांध्यांतून पाव फाटतो.

ताटात दोन खाला ठेवतात, कारण शुक्रवारी शब्बाथचाही धरून मान्ना दुप्पट मिळे. सहा पेडांच्या दोन मिळून बारा पेड होतात व ते मंदिरातील बारा भाकरींची आठवण देतात, हे स्पष्टीकरण मात्र नंतरचे असावे. रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, गोल खाला करून मधात बुडवतात.

इतर समाज : सेफार्दी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालमधील ज्यू परंपरेच्या) शास्त्रकारांपैकी अनेकांच्या मते कणीक गोड लागली की तो पाव राहत नाही, पक्वान्न होते आणि त्यावरचा आशीर्वाद बदलतो. येमेनी ज्यूंमध्ये वेणीऐवजी ‘कुबाने’ हा पाव आहे. कोकण-मुंबईतील बेने इस्राएल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’, यांच्या परंपरेत शब्बाथच्या आशीर्वादासाठी मनुका भिजवून काढलेले सरबत आहे. वेणीपाव मूळचा नाही. मिश्नाने तांदूळ आणि ज्वारी-बाजरीच्या जातीची धान्ये या हिश्शातून वगळली आहेत. त्यामुळे कोकणातल्या तांदळाच्या भाकरीला खाला काढावा लागत नाही. गव्हाच्या पोळीला मात्र तो नियम लागू होतो, तोही कणीक त्या मापाची भरली तरच.